जुनं जपायचं, पण कुणाचं?

दाराबाहेर चपला नीट जोडून ठेवून जो माणूस घरात येतो, त्याच्याविरुद्ध लिहायला हात लवकर उचलत नाही. म्हणून हे लिहायला मला काही वर्षं लागली.

ते गृहस्थ 2011 साली आमच्या गावाशेजारच्या सोसायटीत राहायला आले. देशावरचे. बँकेतून निवृत्त झालेले. पहाटे उठून फिरणार, संध्याकाळी देवापुढं दिवा लावणार, सोसायटीतल्या पोरांना गोळा करून श्लोक शिकवणार. घरात मांस-मच्छी नाही, अंडंसुद्धा नाही. जुन्या वळणाचा, शिस्तीचा माणूस. आमच्या तोंडात अशा बाहेरून आलेल्या माणसासाठी एक शब्द असतो, तो मी इथं लिहीत नाही, पण मीही तो खूपदा वापरलाय.

वर्षभरात ते एका पक्षाचे सभासद झाले आणि तिसऱ्या वर्षी प्रभागाचे अध्यक्ष. पक्षाचं नाव सांगत नाही. एक तर त्यांची बदनामी करायची नाही, आणि दुसरं म्हणजे आमच्या शहरात पक्षाच्या नावाला तसा फार अर्थ उरलेला नाही. ते पुढं येईलच.

आधी त्यांच्या बाजूचं सांगतो, म्हणजे कुणी मला एकांगी म्हणायला नको. ते आले तेव्हा आमच्या प्रभागात पक्ष म्हणजे काय होता? वाढदिवसाचे फलक, दहीहंडी आणि निवडणुकीच्या आदल्या रात्रीची पाकिटं. कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात गेलात तर भिंतीवर नेत्यांचे फोटो, खाली चार पोरं मोबाईल बघत बसलेली. या माणसानं मतदार यादी घेतली आणि घरोघर फिरून मेलेल्यांची नावं कमी करून घेतली. माझ्या वडिलांचं नाव मरणानंतर नऊ वर्षं यादीत होतं. मला स्वतःला ते काढायचं सुचलं नाही, ते या परक्या माणसानं काढून घेतलं. महापालिकेचं अंदाजपत्रक वाचणारा आमच्या प्रभागातला मी पाहिलेला पहिला माणूस तोच.

मग त्यांनी एक बैठक लावली. गावातले पंधरा-वीस, सोसायट्यांमधले पन्नास-साठ. कागदावर तीन मुद्दे लिहून आणले होते, तेही सुवाच्य अक्षरात.

पहिला मुद्दा: गावाच्या नाक्यावर म्हावरं विकायला बसणाऱ्या बायांना तिथून उठवावं. वास येतो, रस्ता अडतो. दुसरा: गावदेवीच्या जत्रेत कोंबडं-बोकड कापणं बंद करून नारळ फोडावा, 'आपल्या संस्कृतीला शोभेल' असा उत्सव करावा. तिसरा: गावातल्या अनधिकृत घरांची यादी करून पालिकेला द्यावी.

त्या नाक्यावर माझी चुलतबहीण बसते. बैठकीला तीही आली होती, पाटी बाहेर ठेवून. ती उठली आणि म्हणाली, "साहेबा, मी इथं बसाया लागले तवा तुजी बिल्डिंग नव्हती. तिथं पानी व्हतं. त्याच पान्यातलं म्हावरं मी इकत व्हते. आता पानी तुमी बुजवलंव, म्हावरं लांबून आनावं लागतं. जागा तरी ठेव."

सोसायटीतले काही हसले. साहेब हसले नाहीत. पण त्यांनी कागदावरचा मुद्दाही खोडला नाही.

माझा त्यांच्याशी खरा वाद इथं सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. ते स्वतःला परंपरा मानणारे म्हणवतात. जुनं टिकलं पाहिजे, मुळं सांभाळली पाहिजेत, असं त्यांच्या प्रत्येक भाषणात असतं. मला ते पटतं. शेतकऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, साहेब, जुनं म्हणजे कुणाचं जुनं? तुम्ही जिथं उभे राहून बोलता, त्या जागेचं, की येताना सामानाबरोबर घेऊन आलात ते?

आमच्या गावदेवीला मान देण्याची रीत माझ्या पणजोबाच्याही आधीची. आमची एकवीरा आई कार्ल्याच्या डोंगरावर बसलीय, तिच्याकडं आगरी-कोळी पिढ्यानपिढ्या कोंबडं-बकरं घेऊन गेलेत. ही आमची परंपरा. तुम्हाला ती खावीशी वाटत नसेल तर नका खाऊ, कुणी ताटात वाढत नाही. माझ्याच घरात माळकरी आहेत, ते जत्रेच्या दिवशी वरणभात खातात. पण 'आपली संस्कृती' म्हणताना त्या 'आपल्या'त आम्ही धरलेले आहोत का, ते आधी सांगा.

आणखी एक सांगतो. आमच्या समाजात लग्न लावायला धवलारीण असायची. बाई. तिला सगळे विधी, सगळी गाणी पाठ. ती गाऊन लग्न लावायची आणि विधवा असली तरी तिचा मान कमी व्हायचा नाही. माझ्या आईचं लग्न धवलारणीनं लावलं. आज आमचीच पोरं हळदीला लाखाचा डीजे लावतात आणि धवला गाणारी म्हातारी कोपऱ्यात कानावर हात ठेवून बसते. साहेबांनी जर म्हटलं असतं, की हा डीजे बंद करा आणि तुमची धवलारीण शोधून आणा, तर मी त्यांचा झेंडा खांद्यावर घेतला असता. परंपरा राखणारा माणूस असा हवा. पण त्यांना धवलारीण म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, आणि तीन वर्षं प्रभागाचं अध्यक्षपद करूनही त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

तिसऱ्या मुद्द्याचं तर काय सांगावं. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली. पुढं ठाणे, पनवेल, उरण मिळून पंच्याण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. गावठाणाची हद्द मात्र होती तिथंच राहिली. माझ्या आजोबाच्या एका घरात आज चार चुली आहेत. पोरांची लग्नं झाली, त्यांनी राहायचं कुठं? म्हणून घराच्या मागं, जिथं आमचं खळं होतं, तिथं खोल्या बांधल्या. बापजाद्याच्या खळ्यावर बांधलेलं घर कागदावर अतिक्रमण झालं. त्याला आम्ही 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतो. सरकारचे निर्णय निघाले, सुधारून पुन्हा निघाले, प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. त्या यादीत माझं घर होतं. साहेब माझ्याकडं चहा पिऊन गेले होते, तेच घर.

ज्या जमिनीवर तुमची सोसायटी उभी आहे, तिच्यासाठी आमची माणसं गेलीत, हे कुणी तरी तुम्हाला सांगायला हवं होतं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात जासई-नवघरच्या भागात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या शब्दावर आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. मी तेव्हा ऐन पंचविशीच्या आतबाहेर होतो. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. त्याआधी 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरला जंगल सत्याग्रहात आमचे लोक इंग्रजाच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर अलिबागकडं चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागं खोतांविरुद्ध संप केला, तो सहा वर्षं चालला. सहा वर्षं शेत पडीक ठेवायचं आणि घरात पोरं उपाशी बघायची. हेही जुनंच आहे, साहेब. हे जपायच्या यादीत का नाही?

एवढं बोलल्यावर माझे गाववाले टाळ्या वाजवतील. म्हणून आता त्यांच्याकडं वळतो.

आम्ही आधी आलो म्हणून सगळं आमचं, हा हिशोब खोटा आहे. वाशीला बाजार समिती आली तेव्हा सातारा-पुण्याकडचे माथाडी आले. त्यांनी पाठीवर गोण्या वाहिल्या, कोपरखैरण्याला, घणसोलीला संसार थाटले, त्यांची नातवंडं इथं जन्मली. त्यांना परकं कुठल्या तोंडानं म्हणायचं? नेरुळच्या पाणथळ जागा आणि तिथं उतरणारे फ्लेमिंगो वाचवायला रस्त्यावर कोण उतरलं, कोर्टात कोण गेलं? बरेचसे सोसायट्यांमधलेच लोक. आमच्यातले काही जण तेव्हा भरावाच्या मातीचे डंपर चालवत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गरजेपोटी बांधलेल्या घराचंही खरं सांगायचं तर पहिला मजला गरजेपोटी होता, दुसराही. चौथा आणि पाचवा मजला भाड्यापोटी होता. तो बांधताना बिल्डरशी भागी केली तेव्हा आपण गरज सांगितली नव्हती. दोन्ही घरं एका यादीत आली याला साहेब जबाबदार, पण दोन्ही घरं एका शब्दात आणली याला आपण जबाबदार.

आणि म्हावरं विकणाऱ्या बाईसाठी त्या बैठकीत गावातला एकही पुढारी बोलला नाही. ती एकटी बोलली. मी सुद्धा घरी येऊन बोललो.

आता एका जुलैची गोष्ट. पाऊस दोन दिवस धरलेला आणि त्यातच मोठी भरती. साहेबांच्या सोसायटीच्या तळघरात गाड्या बुडाल्या, गावात गुडघाभर पाणी. साहेब छत्री घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "दादा, हे पाणी जात का नाही? नाला तर रिकामा दिसतोय."

मी त्यांना खाडीच्या कडेला नेलं. हे शहर भरतीच्या पातळीखाली वसवलंय. पूर्वी इथं खार जमिनीला बाहेरून मातीचा बांध असायचा आणि त्याला उघाडी. उघाडी म्हणजे पाण्याच्या वाटेवर बसवलेलं लाकडी झाप. भरती आली की बाहेरच्या दाबानं ते आपोआप मिटायचं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडायचं. सिडकोनं शहर वसवताना धारण तलाव केले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या, त्यामागची अक्कल तीच. पण तलावात गाळ भरला, त्यात कांदळवन वाढलं, झडप अडकली, की पाणी थांबणार कुठं? ते तुमच्या तळघरात येणार.

मग बांधाचीही गोष्ट सांगितली. बांधाला खांड पडली की रात्री हाक यायची. ज्याच्या कानावर पडेल त्यानं पाटी, फावडं, पेंढा घेऊन पळायचं. खांड कुणाच्या शेताजवळ पडली हे विचारायचं नाही, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की सगळ्यांचंच भात जातं आणि जमीन गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. जो आला नाही त्याला दंड, आणि दंडापेक्षा मोठी लाज.

साहेब दोन तास पावसात उभे होते. ओहोटी लागली तेव्हा झडप अर्धीच उघडताना त्यांनी स्वतः पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळांसकट चार पानी अर्ज लिहिला. त्या अर्जावर सोसायटीच्या लोकांच्या सह्या होत्या, गावाच्या होत्या आणि माझ्या बहिणीचा अंगठाही होता. तो अर्ज घेऊन आम्ही दोघं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात किती चकरा मारल्या याचा हिशेब त्यांच्या वहीत आहे. शेवटी झडप दुरुस्त झाली. गाळ अजून आहे.

प्रभागात पक्ष असावा तो यासाठी, असं मला तेव्हा वाटलं. ज्याला जागा माहीत आहे त्यानं सांगायचं, ज्याला कागद कळतो त्यानं लिहायचं.

पण 2020 च्या सुरुवातीला पालिका निवडणुकीची तयारी चालू झाली, आणि एका सकाळी साहेबांच्या पक्षाच्या कार्यालयावर भावी नगरसेवक म्हणून दुसऱ्याच माणसाचा फलक लागला. तो माणूस आदल्या आठवड्यापर्यंत समोरच्या पक्षात होता. साहेबांनी सहा-सात वर्षं ज्याच्याविरुद्ध चिठ्ठ्या वाटल्या, तोच. साहेबांना सांगण्यात आलं, तुम्ही बूथ सांभाळा. त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, मी बाहेरचा आहे हे गावानं म्हटलं तर समजतं. पक्षातच बाहेरचा निघालो."

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला आत्ता कळलं, आम्हाला कधीच कळलंय. आमच्या शहराचा इतिहास बघा. गणेश नाईक 1990 ला शिवसेनेतून आमदार झाले, 1999 ला राष्ट्रवादीत गेले, 2019 ला भारतीय जनता पक्षात. मंदाताई म्हात्रे 2014 ला राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेल्या आणि बेलापुरात त्याच नाईकांना हरवून आमदार झाल्या. पाच वर्षांनी दोघं एकाच पक्षात. ओट्यावरच्या त्या संध्याकाळनंतरचंही बघा. 2024 ला संदीप नाईक शरद पवारांच्या पक्षातून मंदाताईंसमोर उभे राहून थोडक्यात पडले, आणि त्याच निवडणुकीत त्यांचे वडील ऐरोलीतून भाजपचे म्हणून निवडून आले. मी यात कुणाची निंदा करत नाही, हे सगळं उघड्यावर घडलंय. आमचे दि. बा. सुद्धा शेतकरी कामगार पक्षात हयात घालवून 1999 साली शिवसेनेत गेले. तेव्हा माझ्या वडिलांनी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. नेत्यांना त्यांची कारणं असतात. पण खालच्या कार्यकर्त्याला रोज सकाळी उठून झेंड्याचा रंग तपासावा लागत असेल, तर तो निष्ठा ठेवणार कशावर?

तर माझं म्हणणं असं आहे, की नवखा माणूस सोसायटीत राहतो तो नव्हे. खरा नवखा म्हणजे रात्रीतून दुसऱ्या पक्षातून येतो आणि सकाळी खुर्चीवर बसतो तो. त्याला ना त्या पक्षाचं जुनं माहीत असतं, ना या गावाचं. आणि असा माणूस वर बसावा म्हणून आम्हाला खाली भांडत ठेवलं जातं, आगरी विरुद्ध बाहेरचे, मच्छी विरुद्ध शाकाहारी, गाव विरुद्ध सोसायटी.

नाही पटत? मग एकच गोष्ट सांगा. 2020 च्या मे महिन्यात नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. आधी कोरोना, मग आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद. पाच वर्षांहून जास्त काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडं. 1 जानेवारी 1992 ला महापालिका झाली तेव्हा आमची ग्रामपंचायत गेली, आणि 2020 ला महापालिकेतलाही आमचा माणूस गेला. या पाच वर्षांत निवडणूक घ्या म्हणून किती मोर्चे निघाले? विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून आम्ही 10 जून 2021 ला हातात हात घालून साखळी केली आणि 24 जूनला सिडकोवर धडकलो. त्याचा मला अभिमान आहे, मी त्या साखळीत होतो. पण नावासाठी रस्त्यावर उतरलो ते आम्ही, मतासाठी नाही उतरलो. सोसायटीवाले तर कशालाच नाही उतरले. मताचा हक्क पाच वर्षं बंद होता आणि दोन्हीकडं शांतता होती.

शहरातही ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती आमच्या प्रभागात मी कधी भरलेली पाहिली नाही. गाववाल्यांनो, ती मागा. फलकावरचा फोटो मागू नका. साहेब, तुम्हीही मागा, आणि तिथं तुमचे तीन मुद्दे पुन्हा मांडा. तिथं माझी बहीण बसलेली असेल. तिच्या तोंडावर मांडा आणि तिचं ऐकून घ्या. पक्षांना सांगतो, दुसरीकडून आलेल्याला निदान एक पावसाळा बांधावर उभं करा, मग उमेदवारी द्या.

साहेब अजून प्रभागातच आहेत. पक्ष सोडला नाही, त्यांचा स्वभावच सोडणाऱ्यातला नाही. म्हावऱ्याच्या नाक्याचा मुद्दा त्यांनी मागं घेतला. बायांना ओटा आणि वर पत्रा मिळावा म्हणून आता तेच अर्ज लिहितात. जत्रेच्या मुद्द्यावर ते ठाम आहेत आणि मीही. गेल्या चैत्रात जत्रेला आले, देवीला नारळ दिला, बोकडाच्या वेळी देवळामागं जाऊन उभे राहिले आणि नंतर माझ्या माळकरी भावाच्या पंगतीला बसून वरणभात जेवले.

अनधिकृत घरांच्या यादीचं मात्र ते अजून काही बोलत नाहीत. मीही विचारलेलं नाही. पण विचारणार आहे.